ऑपरेशननंतर फोन कोण उचलतं

सोमवार, आठ तारीख

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

(साष्टांग खरंच घालायला गेले तर मला उठवायला दोन माणसं लागतील, म्हणून कागदावरच घालतेय. गोड मानून घे.)

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. जेवायला बसलं की माझ्या ताटाकडे बघते आणि तुझं नाव घेते. "थोरलीनं बघ कसं मनावर घेतलं." माझ्या घासागणिक तुझा जप चाललेला असतो. तुझी तब्येत कशी आहे? आईच्या वाढदिवसाला आलीस तेव्हा सारखी भिंतीला हात लावून चालत होतीस, आणि जेवण होताच बाथरूममध्ये गेलीस ती बराच वेळ आलीच नाहीस. अ‍ॅसिडिटी म्हणालीस. अजून आहे का?

फोनवरच विचारणार होते. पण हल्ली तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर "चालायला निघालेय गं" म्हणून ठेवून देतेस. पत्राचं बरं असतं. ठेवून दिलं तरी टेबलावर पडून राहतं आणि डोळ्यांत खुपतं.

आता बातमी. मी वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेणार आहे. पोटाची पिशवी कापून लहान करतात, ते. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले, साखर वाढलीय, आणि खरं सांगू का, मलाच माझं ओझं वाहून कंटाळा आलाय. तेव्हा करायचं हे पक्कं. कुणाच्या हातून करायचं आणि कुठे, ते मात्र ठरत नाही. त्यापायी महिनाभर दारोदार फिरतेय, आणि जे बघितलं त्याने मला शिसारी आलीय, ताई. कुणाजवळ तरी ओकून टाकल्याशिवाय बरं वाटणार नाही. तर तू ऐक.

पहिलं हॉस्पिटल म्हणजे काय थाट! आत गेलं की समोर काचेचं कपाट, त्यात दिवा, आणि दिव्याखाली एक पँट टांगलेली. आत दोन बायका आरामात उभ्या राहतील एवढी. खाली पाटी, 'माझी जुनी मी'. अगं, कुणाची तरी घातलेली पँट ती! मांड्यांपाशी घासून कापड विरलेलं. कापड तिथेच कसं विरतं ते तुला-मला शिकवायला नको, आपण दोन्ही ढब्बूंनी जन्मभर तिथेच ठिगळं लावली. तर ते विरलेलं कापड उजेडात धरलेलं, आणि लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढत होते. माझंच कपाट उघडून कुणी चौकात वाळत घातल्यासारखं झालं मला.

आणि खुर्च्या! वजनाच्या डॉक्टरकडे कोण येणार, सडपातळ माणसं? तरी सगळ्या खुर्च्या हातांच्या. मी बसले कशीबशी. नाव पुकारल्यावर उठले तर खुर्ची माझ्याबरोबर उठली. काउंटरवरची मुलगी हसू दाबत म्हणाली, "होतं असं, मॅडम." होतं ना? मग बदल की बये खुर्ची!

डॉक्टरने वर बघितलंच नाही. माझ्या पोटाशीच बोलत होता. मग माझा दंड चिमटीत धरून दोन शिकाऊ डॉक्टरांना दाखवला, बाजारात वांगं दाबून बघतात तसा. मला विचारलं नाही, काही नाही. आणि शेवटी म्हणतो, "जोडीने आलात तर सवलत आहे. घरात आणखी कुणी आहे का असं?" असं! मी म्हटलं, "होती एक. तिने मनावर घेतलं."

दुसरीकडे एका मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता. मला वाटलं, माहिती देतील. माहिती कसली! स्टेजवर वजनकाटा ठेवलेला. एकेकाला वर बोलवायचे, काट्यावर उभं करायचे, माईकवरून आकडा सांगायचे, आणि लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या कशाच्या गं? मग तो माईकवाला खाली उतरला आणि आमच्यात फिरत विचारायला लागला, "सांगा, स्वतःची लाज वाटते ना?" आणि माणसं हो म्हणत होती. चांगली मोठी माणसं, कुणी आजोबा होते, कुणी कचेरीतून तशीच आलेली. एक बाई रडायला लागली तर तिच्या तोंडासमोर माईक. मला इतका उबग आला की चप्पल नीट न घालताच बाहेर पडले.

तू म्हणशील, मग निवडणार कसं? माझी एक रीत आहे. इतकी वर्षं वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारीचे फोन घेतेय, एवढं तर शिकलेच. मशीन विकताना सगळेच गोड बोलतात. कंपनी कशी आहे ते मशीन बंद पडल्यावर कळतं. म्हणून मी कुठेही गेले की ऑपरेशन झालेल्यांसाठी कुठला नंबर आहे तो मागून घेते आणि घरी येऊन लावते. "माझं ऑपरेशन झालंय, एक शंका आहे," एवढंच म्हणते. पहिल्या ठिकाणी गाणं वाजलं, मग 'नवीन नोंदणीसाठी एक दाबा'. जुन्या माणसाने काय दाबायचं? स्वतःचा गळा? दुसऱ्या ठिकाणी फोन उचलला तो विकणाऱ्या मुलीनेच, आणि मला पुन्हा ऑपरेशनच विकायला लागली.

तिसऱ्या ठिकाणचं पुढे कधीतरी सांगेन. आज नको.

तुला काय वाटतं, ताई? तुझ्या मनात कधी आलं होतं का ऑपरेशनचं? तू तर चालून-चालून कमी केलंस, तुला कशाला गरज पडेल म्हणा. पण तुझं ते पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं ना, यातही तशीच पोटाला चार-पाच छिद्रं पाडतात म्हणे. फार दुखतं का गं? मी होतेच तेव्हा तुझ्या उशाशी, पण तू काय म्हणाली होतीस ते आठवत नाही. मला खरं खरं लिहून पाठव. मी वाट बघतेय.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी ढब्बू
(थोरल्या ढब्बूची जागा अजून रिकामी आहे. आईला कितीदा सांगितलं, मला आता नुसतं ढब्बू म्हण.)


रविवार, चौदा तारीख, सकाळ

ताई,

तुझा मेसेज मिळाला. "कापाकापीच्या नादाला लागू नकोस. मनावर घे. रोज सकाळी चाल." आणि खाली उगवत्या सूर्याचं चित्र.

माझ्या एवढ्या पत्राला एवढंसं उत्तर. वाचून अंगाचा तिळपापड झाला. मी तुला वाट करून दिली होती गं. खड्यांची आठवण काढली, छिद्रांची काढली, खरं खरं लिही म्हणाले. साष्टांग घालून विचारलं. आणि तू मला सूर्य पाठवलास!

तर आता तिसऱ्या ठिकाणचं ऐक.

तिथे सगळं गुळगुळीत होतं. गालिचा, फुलं, अत्तराचा वास असा की नाक चोंदावं. पंधरा-वीस जण बसलो होतो. समजावून सांगायला एक बाई होत्या, गोड म्हणजे इतक्या गोड की साखरवाल्या पेशंटांनी लांबच बसावं. कुणीतरी विचारलं, "घरी कळू द्यायचं नसेल तर?" बाईंचा चेहरा खुलला. म्हणाल्या, "अहो, तीच तर आमची खासियत! आमच्याकडून कुणालाही काही कळत नाही. आमच्या एक पेशंट होत्या बघा..."

त्या पेशंटने घरी पित्ताशयाचे खडे सांगितले होते. फक्त नवऱ्याला माहीत. धाकटी बहीण रजा टाकून शुश्रूषेला आली. "तीही चांगली भरलेली हं," बाई म्हणाल्या. रोज थर्मासमधून सूप घेऊन यायची, चमच्या-चमच्याने भरवायची, आणि वर खड्यांनाच शिव्या द्यायची, काय मेले खडे, माझ्या बहिणीला धड जेवू देत नाहीत. लोक हसायला लागले. बाई आणखी रंगल्या. "थर्मासवर हत्तीचं चित्र होतं म्हणे. पेशंट आम्हाला फोन करून सांगायच्या, आली बघा हत्तीण, हत्ती घेऊन!"

सगळे खो खो हसले. मीही हसत होते, ताई. सगळे हसत असले की माणूस हसतो. हत्तीचं नाव आलं आणि हसू तोंडातच राहिलं.

तो थर्मास आत्ता माझ्यासमोर फळीवर आहे. झाकणाला तडा गेलाय. तुझ्याकडे येताना बसमध्ये माझ्या मांडीवरून पडला होता, आणि सूप सांडलं नाही म्हणून मला किती आनंद झाला होता! तुला आल्या आल्या तेच सांगितलं होतं. तेही फोन करून सांगितलंस का गं त्यांना? तेव्हाही हसलात का?

तू ऑपरेशन केलंस म्हणून मला काहीही वाटलेलं नाही, हे आधी डोक्यात घे. मी स्वतःच करणार आहे. तू मला सांगितलं नाहीस, तेही एक वेळ गिळलं असतं. माणसाला लाज वाटते. पण त्यानंतर तू काय काय केलंस? सुट्टीला तुझ्याकडे आले की पहाटे उठवून तुझ्या त्या चालणाऱ्या बायकांच्या घोळक्यात न्यायचीस. "ही माझी बहीण. हिला मनावर घेता येत नाही." त्या बायका माझ्याकडे अशा बघायच्या, जसं माझ्या घरी कुणी गेलंय. गुडघा सुजला तर म्हणालीस, निमित्तं शोधू नकोस. आईला शिकवलंस माझ्या ताटातलं कमी करायला. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण! त्या काचेच्या कपाटातल्या पँटची मला आली नाही, त्या माईकवाल्याची आली नाही, एवढी किळस मला त्या गालिच्यावर बसून तुझी आली.

त्या दिवशी घरी कशी आले ते आठवत नाही. आई म्हणाली, जेवून घे. पोटभर जेवले. आई ताटाकडे बघत होती, बघू दे म्हटलं.

पण त्या बाई आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. तेव्हा रागात कानाआड झालं. "आणि त्या आता इतक्या छान आहेत, की सुरुवातीला दोनदा आल्या तेवढ्याच. पुन्हा आल्याच नाहीत. गरजच पडली नाही!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या कामात नवी आलेली पोरं असंच समजतात, फोन आला नाही म्हणजे गिऱ्हाईक खूश. गिऱ्हाईक खूश नसतं. ते गळक्या नळीला फडकं बांधून मशीन चालवत असतं. हे मला रोज दिसतं, आणि त्या दिवशी मात्र सुचलं नाही.

सुचलं ते काल, चौथ्या ठिकाणी.

ते हॉस्पिटल औषधांच्या गोदामामागे आहे. गालिचा नाही, फुलं नाहीत, भिंतीचा रंग असा की मला फुकट दिला असता तरी नको म्हटलं असतं. पण बसायला रुंद बाक, हात नसलेले. बसले, आणि उठले, एकटीच. तिथे जायच्या आधी मी माझा नेहमीचा फोन केला होता. एका नर्सबाईंनी उचलला, मागे कुकरची शिट्टी होत होती, म्हणजे त्या घरी होत्या. नाव विचारलं, ऑपरेशन कधी झालं विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडच्या दिसत नाही. तरी बोला, काय होतंय?" तरी बोला! एवढ्या दोन शब्दांवर माझं अर्धं ठरलं.

डॉक्टर मात्र खडूस. हसू म्हणून नाही. मी म्हटलं, किती वजन उतरेल? म्हणे, ते नंतर. आधी सांगा, घरात कुणाला माहीत असेल? मी म्हटलं, माहीत असायलाच पाहिजे का? तर चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "एकाला तरी माहीत असल्याशिवाय मी हात लावत नाही. ऑपरेशन घटकाभराचं, नंतरचं जन्मभराचं. लपवणारी माणसं गोळ्याही लपवून घेतात. मग घ्यायच्या विसरतात. मग तपासायला यायचं टाळतात. आणि उलट्या व्हायला लागल्या की घरी सांगतात, अ‍ॅसिडिटी आहे."

मग नर्सबाईंनी, फोनवरच्या त्याच, मला बाजूला नेऊन नंतर काय काय सांभाळायचं ते सांगितलं. सारख्या उलट्या. पायाला मुंग्या. चालताना तोल जाणं. एकाच्या जागी दोन दिसणं. "यातलं काही झालं तर त्याच दिवशी यायचं, उद्यावर टाकायचं नाही," म्हणाल्या. मी विचारलं, आणि उशीर झाला तर? त्या म्हणाल्या, "तर पाय पहिल्यासारखे होतीलच असं नाही."

आईच्या वाढदिवसाला तू भिंत धरून चालत होतीस, ताई. चहाचा कप देताना बशीच्या बाहेर ठेवलास आणि आपण दोघी हसलो. हिची नजर कुठे आहे म्हणून आई ओरडली.

काल संध्याकाळपासून तुला फोन लावतेय. तू उचलत नाहीस. भावोजींचा बंद. रात्रभर मला तुझा राग येत होता आणि त्याच्या खाली भीती वाटत होती, आणि दोन्ही एकाच पोटात मावत नव्हतं, एवढं मोठं पोट असून. म्हणून सकाळी उठून हे लिहायला बसले. बोटं दुखली की थांबते, फोन लावते, पुन्हा लिहिते.

थांब. भावोजींचा फोन आला.


रविवार, दुपार. तुझ्या इमारतीखालच्या बाकावर.

ताई,

सकाळचं पत्र यासोबत आहे. ते रागाचं आहे, सावकाश वाच. आधी हे वाच.

भावोजींनी सगळं सांगितलं. तीन आठवडे पोटात काही ठरत नाही. पायांत मुंग्या, चप्पल पायात आहे की नाही ते कळत नाही. परवा बाथरूममध्ये पडलीस. आणि काल त्यांना म्हणालीस की मला तुम्ही दोन दिसताय. मी विचारलं, अहो, मग इतके दिवस गप्प कसे बसलात? तर म्हणतात, "तिने शपथ घातली होती." शपथ म्हणे! बायको भिंती धरून चाललीय आणि हे शपथ धरून बसलेत. मी त्यांना फोनवरच असं झापलंय की ते अजून नीट बोलत नाहीत. तू त्यांना काही बोलू नकोस, त्यांच्या वाट्याचं मिळालंय त्यांना.

मी लगेच नर्सबाईंना फोन लावला. त्यांनी तसाच खडूस डॉक्टरांच्या हातात दिला. मी म्हटलं, ती तुमची पेशंट नाही, दुसरीकडे केलंय. ते म्हणाले, "नसू दे. तरी आणा. आजच आणा." एका जीवनसत्त्वाची कमतरता असावी म्हणाले, बघितल्यावर कळेल. ते शिरेतून देतात. वेळेवर सुरू केलं तर बहुतेक माणसं सावरतात. किती वेळ आहे, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. टॅक्सी केली आणि आले.

आता मी खाली आहे. लिफ्टवर 'बंद आहे'ची पाटी, आणि तुझा चौथा मजला. पहिल्या वळणापर्यंत चढले आणि गुडघ्यांनी नकार दिला. पुढे गेले असते आणि मीच मध्ये पडले असते, तर भावोजींना दोन हत्ती उतरवावे लागले असते. म्हणून ते खाली आले. म्हणाले, तू दार लावून बसलीयस. तुझं म्हणणं, दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न विचारतील, आधी काय ऑपरेशन झालंय? मग सगळीकडे होईल. आणि उद्या तुझ्या चालणाऱ्या बायका हॉलमध्ये तुझा सत्कार करणार आहेत, निश्चयाबद्दल.

ताई, उद्या त्या हॉलच्या पायऱ्या तू कशा चढणार होतीस गं? हे मला सांग फक्त.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईने आपल्याला दोघींना शिकवलं. तुझी मूठ झाकून झाकून बोटं बधिर व्हायला लागली. आता उघड. मी काही तुला माफ-बिफ केलेलं नाही. हत्तीण मला अजून बोचतेय आणि बराच काळ बोचणार आहे. त्याबद्दल आपण भांडू, चांगलं कडाकडा भांडू, आई मध्ये पडली तरी थांबायचं नाही. तुझ्या एक कानाखाली द्यायचीही माझ्या मनात आहे. पण ती धड उभ्या असलेल्या माणसाला देतात. तेव्हा आधी उभी राहा.

मी त्या खडूसाकडेच करून घेणार, हे ठरलं. त्यांनी विचारलं, घरातल्या कुणाला माहीत असेल? मी तुझं नाव सांगितलं. म्हणजे सूप तुला आणायचंय. थर्मास माझ्या पिशवीत आहे, आजच तुझ्या ताब्यात देते. आणि तो घेऊन तुला माझ्या खोलीपर्यंत चालत यायचंय, भिंत न धरता. दुसरं कुणी आणलेलं मी पिणार नाही.

आता लोकांचं. त्याची सोय मी केलीय, ऐक. जिन्यात कुणी भेटलं तर सांग, बहिणीची तब्येत बिघडलीय, तिला दवाखान्यात घेऊन चाललेय. भावोजींचा हात धर. पाय लटपटले तर काळजीने लटपटतायत असं वाटेल. मी इथे बसलेच आहे, घामाने निथळतेय, धापा टाकतेय, एक हात छातीवर ठेवलाय. माझ्याकडे बघून आजवर कुणाला शंका आली नाही, आज काय येणार? पहिल्या मजल्यावरच्या बाईंना मी सांगूनही टाकलं. त्यांनी मला पाणी दिलं, आणि म्हणाल्या, बरं झालं बाई, ताई जवळ आहे तुमची. मी म्हटलं, हो, तिचाच आधार आहे.

तर आज दुपारपुरती आजारी मी आहे. घोळक्यातल्या बायकांना काय सांगायचं ते पुढे तुझं तू बघ. डॉक्टरांच्या खोलीत मात्र खरं सांगायचं, पहिल्या छिद्रापासून. तिथे माझं नाव पुढे केलंस तर मी तिथेच ओरडेन.

भावोजी हे दाराखालून आत सरकवतील. वाचलंस की चप्पल शोधत बसू नकोस, अनवाणी ये. कठडा धर, एकेक पायरी घे, बसत बसत आलीस तरी चालेल. पण उतर. मला वर येता येत नाही गं, नाहीतर मीच आले असते.

तुझी आजारी बहीण,
ढब्बू